मी आंबा खाल्ला असेल

शालेय व्याकरणाच्या कोष्टकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे : ‘मी आंबा खाल्ला असेल.’ त्याच्यासमोर उत्तर छापलेले असते : पूर्ण भविष्यकाळ. इंग्रजीच्या वहीत या वाक्याचा जोडीदार भेटतो : ‘आय विल हॅव ईटन अ मँगो.’ आम्ही दोघे एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. हे वाक्य आजवर आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. आणि गंमत पाहा, आत्ता ‘लिहिले असेल’ असे म्हणताना आमच्या मनात भविष्यकाळाचा लवलेशही नव्हता.

वाचकांनी क्षणभर कोष्टक बाजूला ठेवावे आणि हे वाक्य कोण, कुठे, केव्हा बोलेल याचा विचार करावा. मे महिना आहे. अढीतला शेवटचा पिकलेला आंबा नाहीसा झाला आहे. आजी घरातल्या एकेकाला विचारते आहे. नातू मान खाली घालून म्हणतो, ‘मी खाल्ला असेल, आठवत नाही.’ आंबा खाऊन झालेला आहे. अनिश्चित आहे ते एवढेच, की तो कोणी खाल्ला. आता इंग्रजी वाक्याकडे पाहावे. ते एकटे उभेच राहू शकत नाही. ‘बाय द टाइम यू कम’, म्हणजे ‘तू येशील तोवर’, असे काहीतरी त्याला जोडावे लागते. मग त्याचा अर्थ होतो : उशीर करशील तर आंबा तुझ्यासाठी उरलेला नसेल. एका वाक्यात अर्धामुर्धा कबुलीजबाब आहे, दुसऱ्यात इशारा आहे. ही दोन वाक्ये एकमेकांची भाषांतरे आहेत असे आपण तीन-चार पिढ्यांना पाठ करायला लावले.

हा निव्वळ व्याकरणाचा काथ्याकूट असता, तर आम्ही तो आमच्या विभागातच चहाबरोबर संपवला असता. पण काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने तो आम्हाला तसा संपवता आला नाही.

आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातली एक मुलगी रडवेली होऊन विभागात आली. मराठी हा तिचा विशेष विषय. घरात पदवीच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेली ती पहिलीच. एप्रिल महिन्यात तिने एका खासगी नोकरीसाठी अर्ज केला होता. जागा जुलैपासून भरायच्या होत्या आणि रुजू होताना पदवी पूर्ण झालेली असावी, एवढीच अट होती. अर्ज इंग्रजीतून करायचा होता. शिक्षणाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.ए. इन जून.’ मुलाखतीत तिला विचारण्यात आले, की अजून परीक्षा चालू असताना पदवी पूर्ण केल्याचे तुम्ही लिहिलेच कसे? ती गांगरली. खोटी माहिती दिली असे ठरवून तिचा अर्ज बाजूला ठेवण्यात आला.

‘मॅडम, मी खोटं नव्हतं लिहिलं,’ ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ‘जूनमध्ये माझं बी.ए. झालंच की हो!’

आम्ही तिला पाणी दिले, आणि जरा शांत झाल्यावर सहज विचारले, ‘तुला इंग्रजीतला पूर्ण भविष्यकाळ येतो का ग?’ तिने डोळे पुसले आणि एका दमात म्हणून दाखवले : आय विल हॅव गॉन, यू विल हॅव गॉन, ही विल हॅव गॉन. एकही चूक नाही. शाळेत तिला या कोष्टकाचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. जे रूप तिला त्या रकान्यात हवे होते, ते तिच्या तोंडपाठ होते. आणि ते याच कामासाठी असते, हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

येथे आमचे मत आरंभीच नोंदवतो. काळांची बारा घरांची कोष्टके समोरासमोर मांडून, या घरातले मराठी म्हणजे त्या घरातले इंग्रजी, असे शिकवणे आता थांबले पाहिजे. निदान पूर्ण भविष्यकाळाच्या बाबतीत ही जोडी फसवी आहे. तिचा भुर्दंड ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जात नाही अशा मुलांनाच पडतो. इंग्रजी माध्यमातले मूल हे रूप कानाने उचलते. आमच्या मुलीला ते केवळ कोष्टकातून मिळाले होते.

हे कोष्टक आले कोठून? लॅटिन भाषेत या काळाला क्रियापदाचे स्वतंत्र रूप होते. ‘केलेले असेन’ एवढा अर्थ एका शब्दात मावत असे, आणि त्या काळाला फ्यूचुरुम एक्झाक्टुम असे नाव होते. इंग्रजीत भविष्यकाळाचा वेगळा प्रत्ययच नाही. जुन्या इंग्रजीत पुढच्या गोष्टी बहुधा वर्तमानकाळाच्या रूपानेच सांगितल्या जात. ‘विल’ या शब्दाचा मूळ अर्थ इच्छिणे, आणि ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे. हे शब्द हळूहळू भविष्याच्या कामाला जुंपले गेले. पुढे इंग्रजीची व्याकरणे लॅटिनच्या साच्यावर रचली गेली, तेव्हा लॅटिनमध्ये आहे ते घर इंग्रजीतही भरले पाहिजे, असे वैयाकरणांना वाटले. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे दीर्घकाळ शाळांतून चाललेल्या लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणात ‘विल हॅव’च्या रूपांना ‘दुसरा भविष्यकाळ’ असे म्हटले आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले. या ग्रंथकारांचे परिश्रम असामान्य आहेत. त्यांनी केलेली चिकित्सा आज वाचतानाही आपण थक्क होतो. दोष त्यांच्याकडे जात नाही. त्यांच्या ग्रंथांतली चर्चा गाळून केवळ तक्ते उचलणाऱ्या आपल्या मार्गदर्शकांकडे, आणि ते तक्ते फळ्यावर उतरवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे तो जातो.

आता या काळाचे इंग्रजीतले खरे काम पाहू. त्यासाठी अवघड क्रियापदांची गरज नाही. रोजच्या वापरातली जाणे, निघणे, खाणे, संपवणे, पोचणे एवढी पुरेत. आपण आठ वाजता स्थानकावर पोचणार आहोत. ‘व्हेन वी रीच द स्टेशन, द ट्रेन विल लीव्ह’ असे म्हटले, तर आपण पोचलो की गाडी सुटेल. धावपळ केल्यास डब्यात चढता येईल. ‘व्हेन वी रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ असे म्हटले, तर आपण पोचू तेव्हा फलाट रिकामा असेल. दोन वाक्यांत अंतर आहे ते फक्त ‘हॅव’चे आणि एका धातुसाधिताचे, पण एका वाक्यात गाडी मिळते आणि दुसऱ्यात चुकते. या काळासाठी मनाला दोन पावले टाकावी लागतात. आधी पुढच्या एका क्षणापाशी जाऊन उभे राहायचे. मग तेथून मागे वळून पाहायचे. जे मागे पडलेले दिसेल, ते ‘विल हॅव’ने सांगायचे. तो क्षण वाक्यात किंवा संदर्भात नसेल, तर हा काळ अधांतरी लोंबकळतो. कोष्टकातल्या ‘आय विल हॅव ईटन अ मँगो’ची अवस्था नेमकी हीच आहे.

तिथेच आणखी एक खाच आहे. ‘रीच’च्या आधी ‘विल’ नाही. ‘व्हेन’, ‘बाय द टाइम’ यांनी सुरू होणाऱ्या अशा कालवाचक गौण वाक्यात इंग्रजी भाषा ‘विल’ घालत नाही. मराठीत मात्र आपण ‘पोचू तेव्हा’ असे भविष्यकाळी रूप बिनदिक्कत वापरतो, म्हणून आमचे विद्यार्थी ‘व्हेन वी विल रीच’ असे लिहितात. लाल शाईने ते खोडले जाते; पण ते कुठून आले, हे कोणी सांगत नाही. ते मराठीतून आलेले आहे, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे, हे ऐकण्याचा त्या मुलाला अधिकार आहे.

याहून मोठा घोटाळा आपल्या ‘पर्यंत’ या शब्दाने केला आहे. ‘सोमवारपर्यंत काम करीन’ आणि ‘सोमवारपर्यंत काम संपवीन’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. पहिल्यात काम सोमवार येईतो चालू राहते. दुसऱ्यात ते सोमवारी किंवा त्याआधीच कधीतरी हातावेगळे होते. मराठी हा भेद क्रियापदावर सोपवते आणि ‘पर्यंत’ला दोन्हीकडे राबवते. फारच नेमके बोलायचे असेल तर आपण ‘सोमवारच्या आत’ असे म्हणतो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘टिल’ लागतो आणि दुसऱ्याला ‘बाय’. हा ‘बाय’ पूर्ण भविष्यकाळाचा सख्खा सोबती आहे : ‘बाय मंडे आय विल हॅव फिनिश्ड द वर्क.’ शब्दकोशात ‘पर्यंत’साठी ‘टिल’ पाहून ज्याने वाक्य रचायला घेतले, त्याला पुढचा काळ बरोबर सुचणे कठीणच.

मग मराठीत हा अर्थ आपण कसा सांगतो? कोष्टकातल्या ‘-ला असेल’ने क्वचितच. ‘एव्हाना ते पुण्याला पोचले असतील’ असे आई घड्याळाकडे पाहून म्हणते, तेव्हा ती अनुमान करत असते. इंग्रजीतही हा उपयोग आहे : ‘दे विल हॅव रीच्ड बाय नाऊ.’ म्हणजे कोष्टक सर्वस्वी खोटे आहे असे नाही. ते इंग्रजी रूपाच्या गौण अर्थाशी मराठीची गाठ घालून देते आणि मुख्य अर्थ वाऱ्यावर सोडते. मुख्य अर्थासाठी मराठी बोलणारा माणूस बहुधा ‘-लेला’कडे वळतो. ‘तू येशील तेव्हा मी जेवलेलो असेन.’ ‘जेवलो असेन’ आणि ‘जेवलेलो असेन’ यांतला फरक खेड्यातल्या निरक्षर आजोबांनाही बोलताना कळतो. कोष्टकाला तो कळलेला नाही.

त्याहीपेक्षा स्वाभाविक मराठी वेगळीच आहे. आपण सहायक क्रियापदांनी शेवटाची छटा रंगवतो. ‘तू येईपर्यंत मी जेवून घेईन’, ‘भाजी चिरून ठेवीन’, ‘ते पत्र लिहून टाकीन’. घेण्यात स्वतःची सोय आहे, ठेवण्यात पुढची तयारी आहे, टाकण्यात एकदाचे मोकळे होणे आहे. इंग्रजीतला एकच ‘विल हॅव’ या तिघांनाही पुरतो, आणि तिन्ही छटा गमावतो. ‘गो’ या साध्या क्रियापदाचे पाहावे. ‘शी विल हॅव गॉन’ म्हणजे ती गेलेली असेल, इथे भेटणार नाही. ‘शी विल हॅव बीन देअर’ म्हणजे ती तिथे जाऊन आलेली असेल. ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांचा हा भेद इंग्रजीच्या तासाला कितीही उदाहरणे देऊन पटकन उतरत नाही. ‘जाऊन येणे’ हे मराठी जोडरूप समोर ठेवले, की तो अर्ध्या मिनिटात उतरतो. कालावधीचेही तसेच. येत्या जूनमध्ये आम्हा दोघांना शिकवू लागून वीस वर्षे होतील. इंग्रजीत हेच ‘बाय जून वी विल हॅव टॉट फॉर ट्वेंटी इयर्स’ असे होते. मराठी वाक्यात कर्ता वर्षे आहेत आणि काळ साधा भविष्य आहे. पूर्ण भविष्यकाळाच्या घरात हे वाक्य शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

आणि मग उरते आपली सर्वांत लाडकी रीत : पुढे होणारी गोष्ट भूतकाळात सांगून मोकळे होणे. ‘तू पुढे हो, मी आलोच’, असे आपण पायांत चपलाही घातलेल्या नसताना म्हणतो. ‘पाऊस पडला की पेरणी करू.’ ‘पैसे मिळाले तर घर दुरुस्त करू.’ ‘गाडी चुकलीच समज.’ यांतली एकही क्रिया घडलेली नाही, आणि ऐकणारा एकदाही फसत नाही. हा मराठी माणसाचा उतावळेपणा आहे, असे कोणी समजू नये. पाणिनीने अष्टाध्यायीत भविष्याविषयी आशा किंवा अपेक्षा व्यक्त करताना भूतकाळाचे प्रत्यय योजण्याची स्पष्ट मोकळीक दिली आहे. काशिका या टीकेने त्यासाठी दिलेले उदाहरण आम्हा अध्यापकांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. गुरुजी आले तर आपण व्याकरण शिकू, असा त्याचा आशय. आणि तो भूतकाळाच्या रूपांनी सांगितलेला. आशा दृढ असली, की भाषा होणाऱ्या गोष्टीला झालेली म्हणते.

आमची विद्यार्थिनी नेमके हेच करत होती. ‘जूनमध्ये माझं बी.ए. झालंच’, हे तिचे मराठी वाक्य अडीच हजार वर्षांच्या वहिवाटीतले वाक्य होते. त्यात तिची आशा होती, थोडा अभिमान होता. तिने त्यातले भूतकाळी रूप उचलून इंग्रजीत ठेवले आणि तिथे त्याचे असत्य विधान झाले. इंग्रजीतले ‘हॅव कम्प्लीटेड’ बोलण्याच्या क्षणापाशी पाय रोवून उभे असते, शिवाय त्याच्याजवळ ‘इन जून’ असा ठराविक महिना चालतही नाही. तिला लिहायचे होते, ‘बाय जून आय विल हॅव कम्प्लीटेड माय बी.ए.’ मुलाखत घेणाऱ्यांना तिच्या वाक्यात फसवणूक दिसली. त्यांनाही मराठी येत असणार. पण त्या टेबलाच्या पलीकडे बसल्यावर ते मराठी त्यांनी बाहेर ठेवले होते. व्याकरणाची चूक आणि नीतीची चूक यांच्यात अंतर असते, हे ओळखण्यासाठी दोन्ही भाषा एकाच वेळी मनात जाग्या असाव्या लागतात.

या सगळ्यावर विचार करताना आमच्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘हॅव’ म्हणजे मुळात जवळ असणे, मालकी असणे. ‘आय हॅव द लेटर रिटन’, म्हणजे लिहिलेल्या स्थितीतले पत्र माझ्याजवळ आहे, अशा वाक्यांतून इंग्रजीचा पूर्ण काळ घडत गेला. मराठीत ‘हॅव’सारखे क्रियापदच नाही, आपल्या पूर्ण काळाचे ओझे ‘असणे’ वाहते. म्हणून दोन्ही भाषांची वाट येथे फुटते, असे आम्ही समजत होतो. पण घराघरांत लोक प्रत्यक्षात काय म्हणतात? ‘तू येशील तोवर माझं जेवण झालेलं असेल.’ ‘जूनपर्यंत माझं बी.ए. झालेलं असेल.’ हे ‘माझं’ म्हणजे मालकीच. इंग्रजी जी मालकी क्रियापदात ठेवते, ती मराठी षष्ठीत ठेवते. ‘हॅव’चा शोध आम्ही क्रियापदांच्या रकान्यात करत होतो, तो सर्वनामात बसलेला होता. हे त्या मुलीला सांगितले असते, तर ‘माझं झालेलं असेल’ची जागा ‘आय विल हॅव’ घेते, एवढ्या एका ओळीवर तिचे काम झाले असते.

आमच्या या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा, की मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजीच्या प्रांतात लुडबुड करू नये. यावर आमचे उत्तर इतकेच, की विद्यार्थ्याच्या डोक्यात असे प्रांत नसतात. तो इंग्रजीचे वाक्य रचताना मराठीतच उभा असतो, आणि तिथली जमीन आमच्या ताब्यात दिलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोष्टकाने निदान रूप तरी हाताला लागते. अर्थ पुढे वाचनातून येईल. आम्ही हे अंशतः मान्य करतो. रूप पाठ असणे वाईट नाही. आमच्या मुलीचेही ते पाठ होते म्हणूनच पुढे तिला ते लवकर वापरता आले. पण वाचनातून अर्थ येण्यासाठी इंग्रजी वाचनाची संगत लागते. ती ज्यांच्या घरी नाही त्यांना ‘पुढे येईल’ असे सांगणे म्हणजे त्यांची बोळवण करणे होय.

तिसरा आक्षेप असा, की हा काळ इंग्रजीत मुळातच कमी वापरला जातो, आणि आता तर हातातले यंत्र क्षणात भाषांतर करून देते. मग एवढा आटापिटा कशाला? कमी वापरला जातो, हे खरे. इंग्रज माणूसही घाईत ‘आय विल बी डन बाय फाइव्ह’ म्हणून वेळ निभावून नेतो. पण जिथे हा काळ लागतो ती ठिकाणे पाहावीत : नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, कामाची मुदत, कर्ज फेडण्याचा करार, प्रवासाचे वेळापत्रक. आयुष्यात ही वाक्ये थोडी असतात आणि त्यांवर बरेच काही अवलंबून असते. यंत्र अर्ज लिहून देईल. मुलाखतीच्या खोलीत मात्र ती मुलगी एकटी असते.

आमच्या सूचना थोड्या आहेत. या काळाचा पाठ रूपापासून सुरू करू नये. ‘तोवर’, ‘एव्हाना’, ‘च्या आत’, ‘झाले की’ या मराठी शब्दांपासून सुरू करावा आणि प्रत्येकाचे इंग्रजीत काय होते ते दाखवावे. ‘काळ ओळखा’ व ‘काळ बदला’ या प्रश्नांना प्रश्नपत्रिकेत थोडी विश्रांती द्यावी. त्याऐवजी प्रसंग द्यावा : तुम्ही एप्रिलमध्ये अर्ज करत आहात, निकाल जूनमध्ये आहे, शिक्षणाचा रकाना भरा. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘-ला असेल’ या रूपापुढे ‘पूर्ण भविष्यकाळ’ एवढेच न छापता, ते मुख्यतः घडून गेलेल्या गोष्टीचे अनुमान सांगते, हे छापावे, आणि ‘-लेला असेल’ त्याच्या शेजारी ठेवावे. ‘मी आंबा खाल्ला असेल’ की ‘असेन’, यावर मुले वाद घालतात, कारण दोन्ही पुस्तकांत सापडतात. आंबा खाल्ला जातो आणि क्रियापद आंब्यामागे जाते, म्हणून ‘असेल’. ‘मी गेलो असेन’मध्ये कर्म नाही म्हणून क्रियापद ‘मी’मागे जाते. एवढे दोन ओळींत सांगता येते, तर ते सांगावे.

गेली काही वर्षे आम्ही आमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांना विनंती करून वर्षातून दोन तास एकत्र घेतो. फळ्याच्या अर्ध्या भागावर ते लिहितात, अर्ध्यावर आम्ही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘म्हणजे सर, तारीख पुढची घ्यायची आणि काम झालेलं धरायचं.’ पूर्ण भविष्यकाळाची याहून सुटसुटीत व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही. मुले घाबरतात ती इंग्रजीला नव्हे, इंग्रजीत आपल्या मनातले उमटणार नाही याला. आपल्या मराठीतले बोट धरून तिथवर जाता येते, हे एकदा कळले की त्यांचे खांदे सैल होतात. आम्ही ते समोर उभे राहून पाहिले आहे.

त्या मुलीला पुढे दुसरीकडे काम मिळाले. त्यात आमचा काही वाटा नाही. तिच्या पहिल्या अर्जावरचा तो शेरा मात्र आमच्या मनातून जात नाही. आमच्या हातून शिकवण्यात कुठे चूक झाली असेल, असे म्हणून हा लेख संपवणे सोपे होते. पण ‘झाली असेल’ या रूपाचा खरा अर्थ काय, हे एवढे पाल्हाळ लावून सांगितल्यावर त्याच रूपाच्या आडोशाला उभे राहणे आम्हाला शोभणार नाही. चूक झाली आहे.